जिओकॅशिंग: आम्ही लपवलेला पहिला डबा

परवा जिओकॅशिंगच्या खेळासाठी टेकडीवर लपवलेल्या आमच्या डब्यातली वही भरली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात कोणीतरी अगदी बारीक अक्षरात सही करून "आता जागा नाही, वही बदला" असं लिहून ठेवलं होतं, ऑनलाइन लॉगमध्येही, म्हणजे वेबसाइटवरच्या नोंदीत, तेच कळवलं होतं, म्हणून मी आणि भाची नवीन वही घेऊन टेकडीवर गेलो. जुनी वही आत्ता माझ्यासमोर आहे. पहिली पंधरा वीस पानं पाणी लागून डागाळलेली, पुढची सगळी कडक कोरडी, असं का ते पुढे सांगते. सह्या बघत बसले तेव्हा वाटलं की हा एक डबा ठेवायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले, त्यात काय चुकलं, काय नव्याने कळलं हे एकदा नीट लिहून काढावं, कारण मी शोधत होते तेव्हा असं सगळं एका जागी मराठीत काही हाताला लागलं नव्हतं.

ज्यांनी जिओकॅशिंग हा शब्द पहिल्यांदाच ऐकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅश म्हणजे इथे रोख पैसे नाहीत, लपवून ठेवलेला साठा. कोणीतरी एक डबा लपवतं, आत सही करायला वही ठेवतं, त्या जागेचे अक्षांश रेखांश वेबसाइटवर टाकतं आणि बाकीचे लोक जीपीएसवरून तिथे जाऊन तो शोधतात, सही करतात आणि डबा जसा होता तसा परत ठेवतात. याची सुरुवात कधी झाली त्याची अगदी तारीख सांगता येते. १ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद करायचा निर्णय जाहीर केला, सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणायचे तिला. तोपर्यंत सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडे तिकडे दाखवायचं, ते एका रात्रीत दहा वीस मीटरवर आलं. आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी असं काहीबाही होतं, आणि अट एवढीच की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांच्या आत माइक टीग यांनी ती शोधली. जिओकॅशिंग हे नाव मॅट स्टम यांनी सुचवलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी वेबसाइट काढली. आज जगभरात तीस लाखांच्या वर डबे आहेत, पण मूळ गोष्ट तीच राहिलीये, की मी आकडे देते, तू ये, बघू सापडतंय का.

माझे पहिले दोन प्रयत्न फसले. ॲप उघडलं, बाण दिसला, बाणामागे चालत गेले, अंतर ४० मीटर, २० मीटर, ७ मीटर, आणि मग बाण एकदम मागे वळला, परत पुढे, परत उजवीकडे. मी अर्धा तास फोनकडे बघत त्याच त्या जागी फिरत राहिले. जुने खेळाडू याला मधमाशीचा नाच म्हणतात हे नंतर कळलं. कारण साधंच आहे, उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडे तिकडे असतो, झाडाखाली किंवा भिंतीजवळ सिग्नल आपटून येतात तिथे दहा पंधरा मीटरपण, आणि ज्याने डबा ठेवला त्याच्या आकड्यातही तेवढीच चूक असू शकते, दोन्ही चुका एकमेकींत मिसळल्या की शेवटच्या टप्प्यात बाणाला काही अर्थच उरत नाही. तर पंधरा मीटरवर आलात की फोन खिशात ठेवा. मला ही एक सवय लागल्यावर डबे सापडायला लागले. उभं राहायचं, आजूबाजूला बघायचं आणि विचारायचं की मी असते तर कुठे ठेवला असता. काड्यांचा फार व्यवस्थित रचलेला ढीग, एकच दगड ज्याच्यावर शेवाळ नाही, बाकीच्या फांद्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा ओंडका, असं काहीतरी डोळ्याला खटकतं. तरीही नाही मिळालं तर वीस तीस मीटर लांब जाऊन दोन वेगवेगळ्या बाजूंनी बाण कुठे दाखवतोय ते बघायचं, लांबून बाण स्थिर असतो, दोन रेषा जिथे मिळतात तिथे परत शोधायचं.

नाही सापडला तर तसा लॉग टाकायचा, डीएनएफ, म्हणजे डिड नॉट फाइंड. सुरुवातीला मला ते नको वाटायचं, मी दोनदा काहीच न लिहिता घरी आले. आता स्वतःचा डबा असल्यावर कळतंय की हा लॉग मालकासाठी किती कामाचा असतो. ओळीने दोन तीन जणांना सापडला नाही म्हणजे डबा बहुतेक गेलाय, जाऊन बघायला पाहिजे, हे मला दुसरं कोण सांगणार? म्हणून कृपा करून डीएनएफ टाकत जा.

सामानाबद्दल विचाराल तर फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नसलं की फार चिडचिड होते. पेन पहिलं, बहुतेक लहान डब्यांत पेन मावतच नाही म्हणून आपलं आपण न्यायचं, आणि बरोबर एक पेन्सिल हवीच, कारण वही दमट असेल तर बॉलपेन उठत नाही, जेलपेन पसरतं, पेन्सिल मात्र चालते. दुसरा चिमटा. नॅनो म्हणून एक प्रकार असतो, करंगळीच्या टोकाएवढी लोहचुंबकवाली डबी, तिच्यात कागदाची पट्टी गुंडाळून घातलेली असते, ती बोटांनी निघत नाही आणि परत घालताना तर घट्ट गुंडाळूनच घालावी लागते नाहीतर झाकणाच्या आट्यांत कागद चिरडतो. मग टॉर्च, दिवसासुद्धा, कारण भोकात आणि कपारीत बघायला फोनच्या लाइटचा कोन कधी जमत नाही. लांब दांडीचा छोटा आरसा मी उशिरा घेतला पण आता पहिल्यांदा तो पिशवीत टाकते, बाकाखाली, कठड्याच्या आतल्या बाजूला आडवं न पडता बघता येतं. हातमोजे आणि एक काठी. कुठल्याही कपारीत आधी काठी घालायची, मग टॉर्च मारायचा आणि मग हात, हा क्रम कधीही बदलायचा नाही. साप, विंचू, गांधीलमाश्या यांनाही तशाच जागा आवडतात.

वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का असं नेहमी विचारतात. नुसतं शोधायला फोन पुरतो, असं माझं मत. नकाशा आणि डब्यांची माहिती आधीच ऑफलाइन उतरवून घ्यायची म्हणजे रेंज नसली तरी अडत नाही, आणि पॉवरबँक न्यायची. पण यंत्र पावसात, धुळीत टिकतं, सेल बदलले की परत चालू, आणि एकाच जागी बराच वेळ ठेवून त्याच्याकडून आकड्यांची सरासरी काढून घेता येते, म्हणजे डबे लपवायला लागलात की त्याची खरी किंमत कळते. मी एका ओळखीच्या खेळाडूकडून उसनं आणलं होतं.

पन्नास डबे शोधून होईपर्यंत लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. भाची अकरा वर्षांची, तिला पाचव्या डब्यानंतरच स्वतःचा हवा होता. "मावशी, अगं आपल्याकडे डबा आहे, वही आहे, ठेवून येऊ ना उद्या." पण मी थांबले ते बरं झालं. त्या पन्नासात आम्ही इतके वाईट डबे बघितले की काय करायचं नाही त्याची यादी आपोआप तयार झाली. वहीचा लगदा झालेले, झाकण फुटलेले, कचऱ्याच्या ढिगाशेजारी ठेवलेले. आणि तीन चार असे मिळाले की अजून आठवतात. एकाने आम्हाला एका जुन्या विहिरीपाशी नेलं, रस्त्यापासून दोनशे मीटरवर, आम्ही त्या रस्त्याने अनेक वेळा गेलोय पण तिथे विहीर आहे, तिला आतून कोरीव पायऱ्या आहेत हे माहीतच नव्हतं. डबा साधा होता, दगडामागे, दोन मिनिटांत सापडला. त्या दिवशी भाचीने विचारलं, "आपण कुठे न्यायचं लोकांना?" आणि माझ्यासाठी हाच खरा प्रश्न झाला. डबा कुठला, कसा लपवायचा हे सगळं नंतरचं. कोणाला तिथे नेण्यासारखं काय आहे हे आधी.

आमचं उत्तर होतं टेकडीच्या मागच्या बाजूचा एक खडक, जिथून खाली तळ्याचं वळण दिसतं. पण पायवाटेचा तो भाग मध्येच बंद होता, म्हणून आधी दुसऱ्या जागा बघितल्या. पहिली, एक जुनी दगडी भिंत, नुसते दगडावर दगड रचलेली. इतक्या फटी की कुठेही डबी मावेल. भाची खूश, पण मी तिथे दहा मिनिटं उभी राहून विचार केला की समजा कोणाला डबी लगेच नाही सापडली तर तो काय करेल? एकेक दगड काढून बघेल. पन्नास जणांनी एकेक दगड काढला तर भिंत राहील का? जागा सोडली. डबा लपवताना आपण डोक्यात एकच जागा ठेवतो, पण शोधणारा आजूबाजूच्या सगळ्या जागा उचकटणार असतो हे मला तिथे कळलं. फुलांचे वाफे, विजेचे खांब, कुंपणं यांच्या जवळ ठेवू नये ते याचमुळे.

दुसरी जागा ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल. परवानगी मिळाली, डबी तयार केली, वेबसाइटवरचं तिचं पान लिहिलं, तपासायला पाठवलं. प्रत्येक नवीन डबा प्रसिद्ध होण्याआधी एक रिव्ह्यूअर तपासतो, हे सगळे स्वयंसेवक असतात, स्वतःही खेळणारे. चार दिवसांनी उत्तर आलं की जागा चालणार नाही, १६१ मीटरच्या आत दुसरा डबा आहे. नियम मला माहीत होता, दोन डब्यांमध्ये एक दशांश मैल तरी अंतर पाहिजे, मी नकाशा बघितला होता आणि जवळ काहीच नव्हतं! मग लक्षात आलं. कोड्यांचे डबे असतात त्यांचं चिन्ह नकाशावर भलतीकडेच असतं, कोडं सोडवलं की खरे आकडे मिळतात, आणि खरी जागा त्या चिन्हापासून तीन किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकते. तसंच अनेक टप्प्यांच्या डब्याचंही, शेवटचा टप्पा नकाशावर दिसत नाही. आमच्या पुलाजवळ अशाच कुठल्यातरी कोड्याचं उत्तर होतं. वाईट वाटलं, भाचीला जास्त, तिने डबीला पुलाच्या लाकडाचा रंग दिला होता. पण रिव्ह्यूअरने नीट समजावून लिहिलं होतं, आणि हेही सांगितलं की पुढच्या वेळी सगळी तयारी करायच्या आधी नुसते आकडे पाठवून जागा मोकळी आहे का विचारता येतं. हे आधी माहीत असतं तर दोन आठवडे वाचले असते, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

तोवर टेकडीवरची वाट उघडली होती. टेकडीची देखभाल बघणाऱ्या ऑफिसात गेले. काय सांगायचं हे मी लिहूनच नेलं होतं, कारण "आम्हाला एक डबा लपवायचाय" असं ऐकल्यावर कोणालाही शंका येणार. पारदर्शक डबा दाखवला, आत काय असेल ते दाखवलं, जमीन खणणार नाही, झाडाला खिळा ठोकणार नाही, बाहेर लेबल असेल, माझा नंबर तुमच्याकडे राहील. खणायचं नाही हा खेळाचाच नियम आहे, जागेच्या मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर खोदून पुरलेला डबा मंजूर होत नाही. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एक अट घातली, लोकांनी पायऱ्यांच्या वाटेनेच यायचं, उतारावरच्या गवतात पक्षी घरटी करतात. मी हो म्हटलं.

आता डबा. लोक घरातला मिळेल तो डबा उचलतात आणि इथेच फसतात. फोटो रोलची जुनी प्लास्टिकची डबी सगळ्यात जास्त वापरली जाते आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पाणी तिच्यातच जातं. लहान आकारात बाटलीचा प्रीफॉर्म सगळ्यात चांगला, म्हणजे फुगवून बाटली करण्याआधीची ती जाड नळी, बाटलीचंच झाकण बसतं, मी उघडलेले सगळे कोरडे निघाले. मोठ्यात लष्करी दारूगोळ्याची लोखंडी पेटी दणकट, पण ती बघून अनोळखी माणूस घाबरू शकतो म्हणून तिच्यावरच्या जुन्या खुणा पुसून लेबल लावल्याशिवाय वापरू नये. आम्ही घेतला तो चारही बाजूंना क्लिप लागणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला डबा, साधारण ८०० मिली, म्हणजे स्मॉल. मापं अशी आहेत, १०० मिलीच्या आत मायक्रो, एक लिटरपर्यंत स्मॉल, २० लिटरपर्यंत रेग्युलर, त्यावर लार्ज.

डबा घेतल्यावर परीक्षा घ्या. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, झाकण लावायचं आणि वर वजन ठेवून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवायचा. आमचा पहिला डबा नापास झाला, सकाळी टिश्यू एका कोपऱ्यात ओला, रिंग तिथे जरा दुमडली होती. दुसरा पास. आणि रंग लावताना झाकणाची कड आणि रिंगची खाच चिकटपट्टीने झाकून घ्या, तिथे रंगाचा थर बसला की सील बसत नाही. आम्ही चकचकीत न दिसणारा तपकिरी रंग लावला, वरून कापडी टेप, खालची बाजू तशीच ठेवली म्हणजे आतलं दिसतं.

आत काय? वही, आम्ही वॉटरप्रूफ कागदाची घेतली आणि तो खर्च वसूल झाला. पेन्सिल, शार्पनरसकट, कारण टोक मोडलेली पेन्सिल काही कामाची नाही. एक कार्ड की हा खेळ आहे, डबा चुकून सापडला असेल तर स्वागत आहे, सही करा आणि परत ठेवा. आणि अदलाबदलीच्या वस्तू, भाचीने निवडलेल्या, गोट्या, छोटी गाडी, बॅज. नियम असा की जे घ्याल त्याच तोडीचं किंवा जास्त चांगलं ठेवायचं, नाहीतर काहीच घ्यायचं नाही. खायचं काही ठेवायचं नाही, अगदी चॉकलेटसुद्धा, वास जनावरांना येतो आणि डबा कुरतडला जातो, सुगंधी मेणबत्ती किंवा साबणानेपण तेच होतं. चाकू, फटाके, दारू असलं तर बिलकुल नाही.

आकडे घेणं हे सगळ्यात निगुतीने करायचं काम. एकदा उभं राहून फोनवर दिसलं ते लिहिलं, असं करू नका. मी तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी गेले, कारण उपग्रहांची जागा बदलत असते, दर वेळी यंत्र खडकावर दहा मिनिटं ठेवून सरासरी घेतली, आणि तिन्हींची परत सरासरी. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर, म्हणजे शेवटचा आकडा पाचाने चुकला तर नऊ मीटर गेले. आणि तरीही मी चूक केलीच. खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं असे लिहितात, माझ्या फोनवरचा नकाशा अंश, मिनिटं, सेकंद दाखवत होता, यंत्राचे आकडे फोनशी पडताळताना मी कागदावर एका ठिकाणी सेकंदच दशांशासारखे उतरवले. ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, .५०० लिहायला हवं, मी लिहिलं .३००. फरक ०.२ मिनिटांचा, म्हणजे तब्बल ३७० मीटर! पकडलं कसं, तर पान पाठवायच्या आधी मी भाचीला तिच्या आईच्या फोनमध्ये आकडे घालून दिले आणि म्हटलं, तू अनोळखी आहेस असं समज आणि शोध. ती पायथ्यालाच थांबली. "मावशी, हा बाण तळ्यात जातोय." आकडे दुरुस्त केले, परत पाठवलं, या वेळी तिने चार मीटरवर जाऊन हात वर केला. प्रसिद्ध करण्याआधी दुसऱ्या माणसाच्या हातात दुसरा फोन देऊन हे करून बघाच.

पान लिहिताना दोन गुण द्यावे लागतात, शोधायला किती अवघड आणि पोहोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५, अर्ध्याच्या पायरीने. पोहोचण्याचा १ फक्त व्हीलचेअर जाऊ शकेल अशाच जागेला द्यायचा, आणि ५ म्हणजे दोर, होडी असं खास काही लागणारच. भाचीने विचारलं की ५ वाला सगळ्यात लांबचा कुठला, तर तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आहे, २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी नेलेला, हे ऐकून ती दोन दिवस तेच बोलत होती. आमच्याला आम्ही शोधण्यात २ आणि पोहोचण्यात २.५ दिले. हिंट एकच पण उपयोगी हवी. "नीट बघा" ही हिंट नाही. लांबून आलेल्या, उन्हात अर्धा तास शोधून दमलेल्या माणसासाठी ती असते, त्याला घरी रिकाम्या हाताने पाठवून आपल्याला काय मिळणार? आम्ही लिहिलं, "गुडघ्याच्या उंचीवर, तळ्याकडे पाठ करून." हिंट पानावर अक्षरं उलटीपालटी करून दाखवतात, इंग्रजी ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ असं तेरा अक्षरं सरकवून, म्हणजे ज्याला नकोय त्याला चुकून वाचली जात नाही. देवनागरीला हे सरकवणं लागू होत नाही, ती उघडीच दिसते, म्हणून आम्ही हिंट रोमन अक्षरांत टाकली.

जागा मंजूर झाली, रविवारी सकाळी डबा प्रसिद्ध झाला आणि पन्नास मिनिटांत पहिला लॉग आला. पहिल्या शोधणाऱ्याला एफटीएफ, म्हणजे फर्स्ट टू फाइंड, म्हणतात, काही लोक नवीन डब्याची सूचना येताच निघतात. त्यांनी लिहिलं होतं की या टेकडीवर कित्येकदा आलोय, मागच्या बाजूला कधी गेलो नव्हतो, तळं इथून असं दिसतं माहीत नव्हतं. भाचीने तो लॉग मला तीनदा वाचून दाखवला. मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

मग पाऊस झाला. पाचव्या आठवड्यात एकाने कळवलं की वही ओली आहे. गेलो तर डब्यात अर्धा सेंटीमीटर पाणी. रिंग चांगली होती, क्लिप चांगल्या होत्या, पण वहीच्या पिशवीचा कोपरा झाकणात अडकला होता, तेवढ्या फटीतून सगळं आत. आणि एक गोष्ट मी नंतर नीट समजून घेतली, दिवसा डबा तापतो, रात्री गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलवर पाणी साचलेलं असेल तर ते आत ओढलं जातं, म्हणजे नुसता पाऊस नाही तर डबा कसा ठेवलाय त्यावरही बरंच आहे. आता आमचा डबा आडवा, किंचित तिरका, झाकणावर पाणी थांबणार नाही असा बसतो. पिशवी वहीपेक्षा अगदी थोडी मोठी घेतली, आणि झाकणाच्या आत स्टिकर लावला, "पिशवी झाकणात अडकू देऊ नका". तेव्हापासूनची सगळी पानं कोरडी आहेत. सिलिका जेलच्या पुड्या मी काढून टाकल्या, दमट हवेत थोड्याच दिवसांत त्या भरतात आणि मग नुसत्या जागा अडवतात.

एकदा डबा गायबही झाला. ओळीने तीन डीएनएफ, मी पान तात्पुरतं बंद केलं आणि गेले, तर पंधरा मीटर खाली झुडपात उघडा पडलेला, गोट्या गेलेल्या, वही जागेवर. खेळ माहीत नसलेल्यांना मगल म्हणतात, त्यातल्या कोणाला तरी सापडला असणार. मला राग आला नाही, दोष माझाही होता, समोर टाकलेला दगड फार छोटा होता आणि वाटेवरून डब्याची कड दिसत होती. दगड बदलला. जिथे आपण महिन्यातून एकदा सहज जाऊ शकतो तिथेच डबा ठेवावा, सुट्टीत फिरायला गेलो आणि तिकडे एक ठेवून आलो असं करू नये, ते सहसा मंजूरही होत नाही. आमच्या डब्यातून एक ट्रॅव्हल बगही जाऊन आला, नंबर कोरलेली धातूची पट्टी, तिला एक लाकडी मासा बांधलेला. ती अदलाबदलीची वस्तू नाही, ती उचलायची आणि पुढच्या डब्यात पोहोचवायची, वेबसाइटवर तिचा प्रवास दिसतो. भाची अजून दर आठवड्याला त्या माशाचा नकाशा उघडते.

तर परवा वही बदलली. भाचीने नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली, आम्ही डबा बसवला, दगड लावला आणि खाली पायऱ्यांवर पाणी प्यायला बसलो. तेवढ्यात दोघं जण फोन हातात धरून आले, नजर स्क्रीनवर, मध्येच थांबणं, परत चालणं, म्हणजे आमच्याचकडे निघालेत हे लगेच कळलं. भाची माझा हात दाबून गप्प बसली. पण ते पायऱ्यांकडे आलेच नाहीत. बाण सरळ वर दाखवत होता, ते सरळ उतारावरच्या गवतातून चढायला लागले, त्याच गवतातून जिथे जायचं नाही असं मी ऑफिसात कबूल केलं होतं. मी हाक मारून त्यांना पायऱ्या दाखवल्या, ते लगेच वळले, त्यांची काही चूकच नव्हती. पानावर मी "पायऱ्यांच्या वाटेने या" असं लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात, चालत्या माणसाला ते कुठे दिसणार.

घरी आल्या आल्या पानावर दोन वेपॉइंट, म्हणजे वाटेतल्या खुणेच्या जागांचे आकडे, वाढवले, एक पायऱ्या सुरू होतात तिथला आणि एक वरचा, वाट सोडून खडकाकडे वळायचं तिथला, आणि वर्णनाची पहिलीच ओळ बदलली, "आधी पहिल्या वेपॉइंटवर या, डब्याच्या बाणामागे थेट येऊ नका, गवतात घरटी आहेत." पुढच्या रविवारी दुसऱ्या फोनवर ते दोन्ही आकडे घालून पायथ्यापासून परत एकदा चालून बघणार आहोत.